चंद्र पडत का नाही?

आजचे हे लिखाण माझ्या एका चुकीबद्दल आहे. चूक एकच, पण मी ती दोनदा केली. पहिल्यांदा १९७६ साली आणि दुसऱ्यांदा जून २०२५ मध्ये. मधल्या एकोणपन्नास वर्षांत तिचे बरोबर उत्तर मला कळलेलेही होते. तरी ती पुन्हा झाली, म्हणून लिहायला बसलो.

दुसरी चूक आधी सांगतो, ती ताजी आहे.

शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले ते दिवस. १९८४ साली राकेश शर्मा जाऊन आले, त्यानंतर पृथ्वीभोवतीच्या कक्षेत जाणारा हा दुसरा भारतीय. घरात सगळे टीव्हीपुढे. यानातून चित्रे येत होती. सोबत त्यांनी हंसाचे एक छोटे खेळणे नेले होते, ते अधांतरी तरंगत होते. माझी नऊ वर्षांची नात म्हणाली, "आबा, ते पडत का नाहीत?"

मी ताबडतोब म्हणालो, "अगं, तिथं गुरुत्वाकर्षण नसतं."

ती गप्प बसली. तिला पटले असे समजू नका. मोठ्या माणसाने मोठा शब्द दिला की मुले गप्प बसतात, एवढेच. शिक्षकी पेशात छत्तीस वर्षे काढल्यावर हे मौन मला चांगले ओळखता येते. आणि त्याच क्षणी आठवले, की हे वाक्य, अगदी याच तोऱ्यात, मी पूर्वी एकदा बोललो आहे.

मी मराठी विषय घेऊन बीए झालेला माणूस. मूळचा घाटावरचा. पहिली कायम नोकरी मिळाली ती समुद्रकाठच्या एका शाळेत, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात. तो भाग आता सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. विज्ञानाचे शिक्षक वर्षाच्या मध्यावर सोडून गेले आणि सातवीचे विज्ञान माझ्या गळ्यात पडले. पाठ्यपुस्तक आणि एक गाईड एवढ्या भांडवलावर मी उभा राहिलो. आदल्या रात्री कंदिलापाशी वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ओतायचे.

गुरुत्वाकर्षणाचा धडा चालला होता. सफरचंद झाले, न्यूटन झाला. (सफरचंद डोक्यावर पडले ही नंतर जोडलेली भर आहे. ते पडताना पाहून विचार सुचला असे म्हातारपणी न्यूटन सांगत असे, पण डोक्याला टेंगूळ आले असे त्याने म्हटलेले नाही.) तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला. घरची होडी, वडील रापणीला जाणारे. म्हणाला, "सर, चंद्र पडणा नाय, तो कित्याक?"

मी म्हटले, "चंद्र लांब आहे. तिथपर्यंत पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण पोचत नाही."

तो बसला नाही. "मगे भरती कशी येता? चंद्र हयचा पाणी ओढता, तर पृथ्वी चंद्राक ओढणा नाय?"

सांगा आता! मागच्याच आठवड्यात मी त्यांना भरती-ओहोटी शिकवली होती. चंद्र पाणी ओढतो हे त्यांना मीच सांगितले होते. त्या मुलांच्या घरात तर भरतीची वेळ काढायला घड्याळही लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, की झाली पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. ज्या पोराच्या पोटापाण्याचा हिशोब चंद्रावर चालतो, त्याला मी सांगत होतो की चंद्राचा नि आपला काही संबंध नाही. त्याने दोन धडे एकमेकांशेजारी ठेवून पाहिले होते. मी ठेवले नव्हते.

वर्ग हसला. मला वाटले, मला हसला. मी त्याला हात पुढे करायला सांगून दोन छड्या मारल्या. कारण काय दिले, तर "उद्धटपणा."

असो. ही झाली पहिली चूक.

बरोबर उत्तर मला चार-पाच वर्षांनी मिळाले, एका उन्हाळी प्रशिक्षण वर्गात. तिथल्या वयस्कर तज्ज्ञ शिक्षकांनी फळ्यावर एक उंच डोंगर काढला आणि त्यावर एक तोफ. हे चित्र मूळ न्यूटनचेच, त्याच्या मृत्यूनंतर १७२८ साली छापलेल्या पुस्तकातले. ते मी माझ्या पद्धतीने सांगतो. भौतिकशास्त्र न शिकलेल्या माणसाला ते कळते याचा पुरावा म्हणजे मी.

हातातला दगड सोडला की पहिल्या सेकंदात तो सुमारे पाच मीटर खाली येतो. तोच दगड समोर आडवा भिरकावला तरी पहिल्या सेकंदात तो खाली येणार पाचच मीटर. फक्त त्या वेळात तो पुढेही गेलेला असतो. जोरात फेकला तर लांब जाऊन पडतो. इथवर कोणाला अडचण नसावी.

आता समुद्राकडे पाहा. लांबून येणाऱ्या गलबताची आधी डोलकाठी दिसते आणि मग खालचा भाग, हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. कारण समुद्र सपाट नाही, तो पृथ्वीच्या गोलाईबरोबर वाकत जातो. किती वाकतो? साधारण आठ किलोमीटर सरळ रेषेत पुढे गेले तर पाणी त्या रेषेच्या पाच मीटर खाली गेलेले असते.

दोन्ही ठिकाणी पाच मीटर! इथेच सगळी गंमत आहे. तोफेचा गोळा एका सेकंदात आठ किलोमीटर पुढे जाईल इतक्या वेगाने सोडला, तर त्या सेकंदात तो पाच मीटर पडतो आणि खालची जमीनही पाच मीटर खाली गेलेली असते. गोळा जमिनीपासून होता तेवढाच उंच. पुढच्या सेकंदाला पुन्हा तेच. तो पडतो आहे, सतत पडतो आहे, पण जमीन त्याच्या हाती लागत नाही. (हवा आडवी आली नाही तर. खऱ्या हवेत तो जळून जाईल, म्हणून उपग्रह हवेच्या वर, बऱ्याच उंचीवर सोडतात.)

म्हणजे "चंद्र का पडत नाही" याचे उत्तर असे, की तो पडतोच आहे. पृथ्वीने ओढले नसते तर तो सरळ रेषेत निघून गेला असता. त्या सरळ रेषेपासून तो दर सेकंदाला पृथ्वीकडे थोडा ढळतो. हे ढळणे म्हणजेच पडणे.

किती ढळतो तेही काढता येते, आणि त्याला बीए पुरेसे आहे. पृथ्वीच्या मध्यापासून आपण एक त्रिज्या लांब आहोत, चंद्र साधारण साठ त्रिज्या लांब आहे. अंतर साठपट झाले की ओढ साठ गुणिले साठ, म्हणजे ३६०० पटींनी कमी होते. आपल्याकडे दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो. त्याला ३६०० ने भागा. उत्तर येते सुमारे १.४ मिलिमीटर. चंद्र एका सेकंदात साधारण एक किलोमीटर पुढे जातो आणि तेवढ्यात हा दीडेक मिलिमीटर पृथ्वीकडे पडतो. त्याची कक्षा मोजून, वेगळ्या वाटेने हिशोब केला तरी आकडा हाच येतो. वर्गात ही भागाकाराची पायरी फळ्यावर आली तेव्हा मी वही बंद करून बसून राहिलो. मला त्या पोराचा हात आठवत होता.

आमच्या गाईडमध्ये आणखी एक उत्तर होते, तेही सांगितले पाहिजे, कारण ते अजून लोकांच्या तोंडी आहे. पृथ्वी आत ओढते, बाहेर फेकणारे बल बाहेर ढकलते, दोन्ही समान, म्हणून चंद्र जागच्या जागी. ऐकायला समतोल वाटते. पण दोन्ही बले खरोखर एकमेकांना छेद देत असती, तर चंद्रावर बलच उरले नसते आणि तो सरळ चालू लागला असता. गोफण फिरवणाऱ्याला विचारा. दोरी धरून ठेवली आहे तोवर दगड गोल फिरतो, सोडली की सरळ जातो. चंद्राच्या बाबतीत ती दोरी म्हणजे गुरुत्वाकर्षण. दुसरे बल शोधायची गरज नाही.

आता नातीचा हंस. अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. पुणे-मुंबई जाऊन-येऊन होईल त्याहून थोडे जास्त, एवढेच ते अंतर. तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ ८९ टक्के असते. ४०० किलोमीटर उंच शिडी बांधून तिच्या टोकावर काट्यासकट उभे राहिलात, तर साठ किलोचा माणूस त्रेपन्न किलो भरेल. तरंगणार वगैरे नाही, हात सुटला तर सरळ खाली येईल. मग यानातले लोक तरंगतात कसे? कारण यान पडते आहे आणि तेही पडत आहेत, बरोबरीने.

"बरोबरीने" हा शब्द महत्त्वाचा. जड यान आधी पडायला हवे आणि हलका माणूस मागे राहायला हवा असे आपल्याला वाटते. ॲरिस्टॉटललाही तसेच वाटायचे. गॅलिलिओने १६३८ सालच्या पुस्तकात हे कोडे नुसत्या विचाराने सोडवले. मला ते फार आवडते, कारण त्याला प्रयोगशाळा लागत नाही. समजा जड दगड भराभर पडतो आणि हलका हळू. दोन्ही दोरीने बांधा. हलका दगड जडाला मागे खेचणार, म्हणजे जोडी जड दगडापेक्षा हळू पडणार. पण जोडीचे वजन तर जड दगडापेक्षा जास्त, म्हणजे ती अधिक वेगाने पडायला हवी. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. सुटका एकच, सगळे सारखेच पडतात. पीस मागे राहते ते हवेमुळे. १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर, जिथे हवाच नाही, हातोडा आणि ससाण्याचे पीस एकदम सोडले. दोन्ही एकाच वेळी जमिनीला टेकले. त्याची चित्रफीत नेटवर आहे, जरूर पाहा.

तर मी नातीला सांगितले, "कालचं माझं उत्तर चुकलं. चल, खरं काय ते बघू."

प्लास्टिकची मोठी बाटली घेतली. बुडापासून चार बोटे वर तापवलेल्या दाभणाने भोक पाडले. पाणी भरले, भोकावर बोट. बोट काढले की धार उडते, कारण पाण्याचा भार वरून दाबतो आहे. मग पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, खाली कोणी नाही असे बघून, बाटली सोडली. पडता पडता धार थांबली! बाटलीही पडते, पाणीही पडते, कोण कोणावर भार टाकणार? हे इतके झटकन होते की नात पहिल्यांदा म्हणाली, "मला नाही दिसलं." मुलाने मोबाईलवर संथ गतीचे चित्रण केले, तेव्हा स्पष्ट दिसले. मग तिने स्वतः बाटली वर उडवून पाहिली. हातातून सुटून वर जातानाही धार बंद! याची मला अपेक्षा नव्हती. तिला होती म्हणे, कारण "हातातून सुटलं की झालंच ना आबा." वर जाणारी बाटलीही न्यूटनच्या हिशोबाने पडतच असते, हे तिला माझ्याआधी कळले. एकूण सात बाटल्या फुटल्या आणि खालच्या वाहनतळात पाणी केले म्हणून सूनबाईला शेजाऱ्यांचे दोन शब्द ऐकावे लागले.

दुसरा प्रयोग मी एकट्याने केला. काट्याचा वजनकाटा घेऊन लिफ्टमध्ये उभा राहिलो. खाली जायला सुरुवात होते तेव्हा क्षणभर काटा दोन-तीन किलोने उतरतो आणि लगेच जागेवर येतो. माझे वस्तुमान तेवढ्यात कमी झाले नाही, पृथ्वीनेही ओढायचे सोडले नाही. पायाखालची फळी थोडी निसटली, एवढेच. ती पूर्णच निसटली तर काटा शून्यावर. अंतराळवीराचे तेच झालेले असते. (तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी वजनकाट्यावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे पाहून लिफ्टमध्ये यायचे टाळले.)

म्हणून माझे वृत्तपत्रवाल्यांना सांगणे आहे, की "शून्य गुरुत्वाकर्षण" हा शब्द तेवढा टाकून द्या. अंतराळवीरांच्या प्रत्येक बातमीत तो असतो. "सूक्ष्म गुरुत्व" म्हणूनही फार फरक पडत नाही, वाचणाऱ्याला तिथे ओढ नाही असेच वाटते. आपल्या पाठ्यपुस्तकात "मुक्त पतन" हा नेमका शब्द आहे. "वजनरहित अवस्था" आहे. ते वापरा. तुमच्या शब्दावरून कोणा आजोबाने नातीला काय सांगितले ते वर आलेच आहे.

आणि हे नुसते शब्दांचे भांडण नाही. गुरुत्वाकर्षण हा शब्दसुद्धा आपण फार वेळा झाकणासारखा वापरतो. "दगड का पडतो?" "गुरुत्वाकर्षणामुळे." झाले! यात मुलाला काय मिळाले? पडण्याला एक संस्कृत नाव मिळाले. साठपट अंतरावर ३६०० पटींनी कमी, हे सांगितले तर काही सांगितले. वस्तू एकमेकींना ओढतात तरी का, याचे कारण न्यूटननेही दिले नव्हते. आपल्याला ते गवसलेले नाही आणि उगाच तर्क करणार नाही, असे त्याने १७१३ सालच्या आवृत्तीत जाहीर लिहून ठेवले. ज्याच्या नावाने नियम चालतो त्याला "माहीत नाही" म्हणता आले. मला सातवीच्या वर्गात, पंचविसाव्या वर्षी, ते म्हणता आले नाही.

आम्ही कला शाखेवाले विज्ञानाला उगीच भितो आणि ती भीती आवाज चढवून झाकतो, असे माझे मत आहे. माझ्यासारखे, नेमून दिलेला विषय रेटणारे शिक्षक त्या काळी खूप होते. त्यात गैर काही नव्हते, शाळा तशाच चालायच्या. गैर होते ते एवढेच, की "उद्या बघून सांगतो" हे चार शब्दांचे आत आलेले वाक्य आम्हाला कमीपणाचे वाटे.

डिसेंबर २०२५ मध्ये त्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. मी गेलो. तो पोरगा आता साठी ओलांडलेला, स्वतःच्या दोन होड्या, केस पूर्ण पांढरे. मी त्याला बाजूला घेतले आणि तो प्रसंग काढला. तो हसला. म्हणाला, "छडी आठवता सर. पन काय इचारलंय ता आठवणा नाय."

हे मला छडीपेक्षा जास्त लागले. मी त्याला त्याचा प्रश्न परत सांगितला आणि मग उत्तर, गलबताच्या डोलकाठीपासून १.४ मिलिमीटरपर्यंत सगळे, जेटीच्या कठड्यावर बसून. तो लक्ष देऊन ऐकत होता. मधे एकदाच थांबवून त्याने आठ किलोमीटरचा आकडा पुन्हा विचारून घेतला. शेवटी म्हणाला, "बरा. मगे दिसाक दोन वेळा भरती कित्याक? चंद्र तर एकच."

मी म्हटले, "बघून सांगतो."

आठ दिवस लागले. मग फोन केला. चंद्र जवळच्या पाण्याला जास्त ओढतो, पृथ्वीच्या मध्याला त्याहून कमी आणि पलीकडच्या बाजूच्या पाण्याला सर्वांत कमी. पृथ्वीसुद्धा चंद्राकडे थोडी थोडी पडतच असते. तेव्हा चंद्राकडचे पाणी पृथ्वीच्या पुढे जाते आणि पलीकडचे मागे राहते, म्हणजे फुगवटे दोन. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपला किनारा दोन्ही फुगवट्यांखालून जातो. अमावास्येला नि पौर्णिमेला सूर्यही त्याच रेषेत ओढायला येतो, म्हणून उधाण. अष्टमीला तो आडवा ओढतो, म्हणून भांग. तोवर चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो, त्यामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा, आणि म्हणूनच तुमची ती तिथीची पाऊणपट जमते.

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मागे इंजिनाचा आवाज येत होता.

"समाजला," तो म्हणाला. "पन सर, आज षष्ठी. साडेचाराक भरती. फोन ठेवतंय आता."